पिवळं म्हटलेलं पाणी

माझ्या वडिलांना रंग नीट दिसत नसत. आंधळे नव्हते हो. सुईत दोरा एका फटक्यात ओवायचे, नटबोल्टचा आटा नुसत्या नजरेने सांगायचे. पण लाल, हिरवा, केशरी हे सगळं त्यांना एकाच मातकट कुळातलं वाटे. मंडईत गेलो की टोमॅटो पिकलाय की कच्चा हे ते दाबून ठरवत, आणि भाजीवाली ओरडायची, "अहो काका, घ्यायचाय की मालिश करायचंय?" मग मी मधे पडायचे. "हा लाल, हा नको, हा घ्या." सहा-सात वर्षांची होते तेव्हापासून माझं हे काम. जगाचे रंग वडिलांना सांगायचं काम. त्यामुळे माझ्या अंगात एक भलताच ताठा भरला होता. मी सांगेन तोच रंग! आता माझ्याच चष्म्याचा नंबर इतका वाढलाय की माझी पोरं मला पाट्या वाचून दाखवतात, आणि त्यांचा तोरा बघून मला माझाच तेव्हाचा चेहरा आठवतो.

बाबा मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेत लागायचं म्हणून परीक्षा दिली, पेपरात पास झाले आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास. ठिपक्याठिपक्यांच्या चित्रातला आकडा म्हणे दिसलाच नाही. मग पुण्यात येऊन एका कारखान्यात पंप दुरुस्तीवर लागले. विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि त्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत, जिथे लोक सोफा ठेवतात तिथे, आमच्याकडे समुद्र होता.

हा समुद्र आमच्या बाबांना बक्षीस मिळाला होता. कारखान्यातल्या साहेबांच्या घरी खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी होती. तिचे पंप बाबा रविवारी जाऊन नीट करून द्यायचे. साहेबांची बदली झाली, टाकी काही विमानात बसेना, तेव्हा साहेब म्हणाले, तुम्हीच न्या. टेंपोतून काच आली, दगड आले, झाकणाच्या बादल्यांतून मासे आणि प्रवाळ आले. केशरी पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी, एक पिवळा मासा, आणि बाबांचा जीव की प्राण असलेलं एक हिरवं प्रवाळ, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं. ते हिरवं आहे हे बाबांना मीच सांगितलं. उजेड लागला की ते फुगायचं, मऊ गादीसारखं. बाबा त्याला 'मास्तर' म्हणत, कारण ते दिवसभर बसून असायचं आणि सगळ्यांवर लक्ष ठेवतंय असं वाटायचं.

घरात रात्रंदिवस पाण्याची खळखळ. पंपाची घूंऽऽ, आणि स्किमर नावाच्या नळकांड्यात पाण्यातली घाण फेस होऊन वर चढायची त्याची बुडबुड. पाहुणे विचारायचे, नळ गळतोय का? आई म्हणायची, "नळ नाही बाप्पा, समुद्र आहे." वीज गेली की घर एकदम मुकं व्हायचं आणि आम्ही तिघंही दचकून उठायचो. बाबा बॅटरीवरचा छोटा पंप लावायचे, मग पुन्हा खळखळ, मग पुन्हा झोप. त्या आवाजावर आईचा स्वयंपाक चालायचा. गोळाभात, पुडाची वडी, नाकातून पाणी काढणारी तर्री. पुण्यातल्या शेजारच्या काकूंनी एकदा तर्री चाखली आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवत एवढंच म्हणाल्या, "छान. पुन्हा करू नका."

दर रविवारी सकाळी पाण्याची परीक्षा व्हायची. मासे खातात, विष्ठा करतात, उरलंसुरलं सडतं, आणि त्या सगळ्याचं शेवटी पाण्यात नायट्रेट होतं. ते दिसत नाही, वास येत नाही. थोडं असलेलं चालतं, वाढलं की प्रवाळ आक्रसतं, तपकिरी पडतं आणि मरतं. ते मोजायचं म्हणजे काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, एका बाटलीतले दहा थेंब, दुसरी बाटली खूप हलवून तिचे दहा थेंब, मग पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर उत्तम. केशरी झालं तर सावध. लाल झालं तर संपलंच. रंग जितका गडद तितका नायट्रेटचा आकडा मोठा. थेंब बाबा टाकायचे, रंग मी सांगायची. खिडकीशी नळी धरून, एक डोळा मिटून, न्यायाधीशासारखी. "पिवळं. पाच." बाबा वहीत लिहायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही, नक्की ना?

त्या वर्षी मी दहावी संपवून अकरावीत गेले होते आणि बाबांचा कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. माणसं इथेच राहिली. बाबा पन्नाशीच्या आत, पण एवढ्या वयाच्या पंपवाल्याला कोण ठेवतो? दोन-तीन महिने ते डबा घेऊन सकाळी बाहेर पडायचे आणि दुपारी तोच डबा घरी येऊन खायचे. मग मंडईजवळच्या माशांच्या दुकानदाराने निरोप दिला. वाघोलीचे एक भाऊसाहेब, स्वतःच्या शेतजमिनीवर इमारती उभ्या करून बिल्डर झालेले, त्यांच्या ऑफिसात सहा फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यातले मासे सारखे मरतायत. टाकी कायमची सांभाळायला माणूस हवाय. शिवाय त्यांच्या ओळखीतल्या आणखी तिघांकडे अशा टाक्या आहेत. मात्र त्यांची अट एकच. आधी तुमच्या घरची टाकी बघणार, मग बोलणार. बाबांनी ते घरी येऊन सांगितलं. "हे जमलं न," ते म्हणाले, "तर मले पुन्हा कोणापुढे उभं राहायचं काम नाही."

आणि नेमकं तेव्हाच पाणी केशरी झालं.

पहिल्या रविवारी वीस. पुढच्या रविवारी चाळीस. मास्तरांच्या कडा तपकिरी पडल्या, दिवसा फुगेनासे झाले. भाऊसाहेब यायला दहा-बारा दिवस उरले होते. बाबांनी कंबर कसली. फिल्टरमधून थेंब थेंब शुद्ध पाणी साठवायचं, त्यात समुद्राचं मीठ कालवायचं, टाकीतलं जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. एक दिवसाआड. मिठाने त्यांच्या हातांना भेगा पडल्या. स्किमर रोज धुतला, स्पंज धुतले, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. आई म्हणाली, "मुक्या जिवाइले उपाशी काऊन मारता?" एवढं सगळं करून बुधवारी पुन्हा परीक्षा. नळी माझ्या हातात आली.

डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल.

बाबा समोर उभे. दोन दिवस धड जेवले नव्हते. दाढी वाढलेली, आणि डोळे माझ्या तोंडाकडे. नळीकडे नाही, माझ्या तोंडाकडे! नळीत बघून त्यांना काय कळणार होतं? त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी आज लाजत लिहितेय, पण तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं. एवढं पाणी बदललंय, म्हणजे दोन-चार दिवसांत उतरणारच. आज नाही तर शनिवारी पिवळं होणारच. मग आजच पिवळं म्हटलं तर खोटं कुठे झालं? थोडं आधी बोललं, एवढंच.

"पिवळं," मी म्हणाले. "म्हणजे किंचित केशरीकडे. दहा."

बाबा मटकन खुर्चीत बसले. मग हसले. त्या दुपारी ते दोन पोळ्या जास्त जेवले आणि वर भात मागितला. आई माझ्याकडे बघून अशी हसली, जणू मीच पाणी साफ केलं होतं.

खोट्याचं एक असतं, ते एकदा बोलून भागत नाही. पाणी उतरलं म्हटल्यावर बाबांनी बदलणं थांबवलं. उरलेलं मीठ जपून ठेवलं, भाऊसाहेबांच्या टाकीला लागेल म्हणून. शनिवारी परीक्षा केली तर नळी पहिल्यापेक्षा गडद. मी पुन्हा पिवळं म्हणाले. आता मागे फिरायची वाटच नव्हती. पण मास्तर काही माझं ऐकेनात. ते आणखी आक्रसले. बाबा काचेला नाक लावून म्हणत, "पाणी तं चांगलं आहे, मग याइले काय झालं?" मी ठरवलं की नायट्रेट कुठून येतंय ते आपणच शोधायचं, निस्तरायचं आणि कोणाला काही कळू द्यायचं नाही. मी काय, कुठल्याही गोष्टीचा छडा लावू शकत होते!

छडा सोमवारी दुपारी लागला. कॉलेजातून लवकर घरी आले. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात पाण्यावर तेलकट साय दिसत होती. तशी ती आधीही दिसली होती, पण मी म्हटलं स्किमर बिघडला असेल. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. हातात वाटी. वाटीत वरण-भात, वर तूप. तिने वाटी डोळ्यांना लावली, टाकीचं झाकण उचललं आणि बोटभर घास कोपऱ्यात सोडला.

"आई! हे काय?"

"घास," ती म्हणाली. घाबरलीबिबरली अजिबात नाही.

"कोणाचा?"

"गायीचा."

"हे मासे आहेत!"

"मले दिसते न ते. आता गाय काय तिसऱ्या माळ्यावर चढून येईन? आधी खाली यायची गाय. गेट झालं, वॉचमन आला, तो तिले आत येऊ देत नाही. घास काढल्याबिगर मी कधी जेवली का? मुक्या जिवाच्या तोंडी गेलं म्हणजे झालं."

आधी ती दोन-चार शितं टाकायची, तिथवर बाबांचे पंप निभावून नेत होते. पण नोकरी गेली तसा तिने घास वाढवला. घरावर संकट आलं की हात आखडायचा नसतो, ही तिच्या माहेरची शिकवण. बाबांनी माशांचं खाणं तोडलं तसा आणखी वाढवला. उरलेला भात दगडांच्या मागे जाऊन सडत होता. मी कपाळावर हात मारला. "अगं आई, याच्यानेच पाणी बिघडलंय! याच्यानेच बाबांचं काम जाईल!"

"कसं काय? म्या घास वाढवला अन् त्या बुधवारीच पाणी पिवळं आलं. तूच तं सांगितलं. म्हणून मी गुरुवारपासून दोन्ही वेळ टाकून राहिली."

घासाला गुण आला असं तिला वाटलं होतं, माझ्या शब्दावर. मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. आई माझ्यावर ओरडली नाही. ती वाटी हातात धरून माझ्या शेजारी फरशीवर बसली. म्हणाली, "आता त्याइले कोण सांगन?"

"मी सांगेन," मी म्हणाले. छाती काढून. आणि संध्याकाळी बाबा आले, गुणगुणत आले, भाऊसाहेब उद्याच येतायत म्हणाले, दोन दिवस आधीच. माझी छाती आत गेली. मी सांगितलं नाही.

सकाळी दहाला भाऊसाहेब आले. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, तीन जिने चढून दम लागलेला. चपला दाराबाहेर काढल्या आणि सरळ टाकीपाशी जाऊन उभे राहिले. पाहुण्यासारखे नाही, बैल बघायला आल्यासारखे. "ह्ये बसलंय त्ये आजारी हाय काय?" मास्तरांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"जरासं सुस्त आहे," बाबा म्हणाले. "पण पाणी चांगलं आहे. तुमच्यासमोरच पाहून घेऊ." आणि त्यांनी नळी काढली, थेंब मोजले. पाच मिनिटं खोलीत नुसती खळखळ. मग त्यांनी नळी माझ्याकडे दिली आणि भाऊसाहेबांना म्हणाले, "मले रंग दिसत नाही साहेब. हे पहिलेच सांगून देतो. रंग माझी पोरगी सांगते. तिची नजर पक्की आहे."

ज्या गोष्टीपायी त्यांची रेल्वे गेली, ती त्यांनी कोणी न विचारता, काम द्यायला आलेल्या माणसासमोर सांगून टाकली होती. आणि पुढे माझं नाव जोडलं होतं.

"मंग सांग की पोरी," भाऊसाहेब म्हणाले.

मी नळी खिडकीशी धरली. एक डोळा मिटायची गरजच नव्हती. जिन्यातूनही दिसलं असतं.

"लाल," मी म्हणाले. "ऐंशी."

"नीट पाह्य," बाबा म्हणाले. "उजेडात पाह्य."

"उजेडातच आहे. लाल आहे, बाबा. बुधवारीही लालच होतं. शनिवारीही. मी पिवळं म्हणाले. खोटं बोलले."

बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. ते रागावले असते तर किती बरं झालं असतं! त्यांनी हळूच माझ्या हातातून नळी घेतली आणि तिच्यात बघायला लागले, काही दिसतंय का ते. ते बघणं मला सोसलं नाही. मी रडायला लागले, भोकाड पसरून, परक्या माणसासमोर.

स्वयंपाकघराच्या दारातून चहाचा ट्रे घेऊन आई पुढे आली. "अन् टाकीत भात म्या टाकला," ती म्हणाली. एकटीवर कशाला येऊ द्यायचं, अशा सुरात.

"भात?" भाऊसाहेब म्हणाले.

"वरण-भात. तूप घालून. गायीचा घास."

भाऊसाहेबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा टाकीकडे. मग खुर्चीत बसले आणि चहा उचलला. "माझ्या हाफिसात आजवर दोन मानसं झाली," ते म्हणाले. "दर खेपेला यायची, वहीत लिवायची, 'सगळं नॉर्मल'. मासं उताणं पडल्यालं, तरी नॉर्मल! पानी लाल हाय म्हननारं ह्ये पयलंच घर बघतोय." कप खाली ठेवून ते उठले. बाबांना म्हणाले, "दुखनं कळलंय न्हवं? मंग तीन आठवड्यांनी येतो. तवर पिवळं करून दावा. झालं तर काम तुमचं. न्हाई झालं तर राम राम."

त्या दिवशीच बाबांनी दगड उचलले. मागे काळपट चिखल झालेला भात होता. तो नळीने ओढून काढला. जपून ठेवलेलं मीठ सगळं कालवलं. आई रोज दुपारी वाटी घेऊन गल्लीच्या टोकाच्या गोठ्यापर्यंत चालत जाऊ लागली आणि येताना गोठेवालीशी तासभर बोलून येऊ लागली. घासाचा तिला तेवढा फायदा झाला. ऐंशीचे चाळीस झाले, चाळीसचे वीस. मास्तरांची एक कडा गेली ती गेलीच, पण बाकीचे पुन्हा फुगू लागले.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. नेहमीसारखं थेंब टाकायचे, नळी द्यायचे, मी रंग सांगायची. आणि मग ते आत हाक मारायचे, "अवं, जरा येतं का? पाह्य बरं काय रंग आहे." आई पदराला हात पुसत यायची, नळी बघायची, माझ्याकडे न बघता रंग सांगायची. मगच वहीत लेखणी टेकायची. दर वेळी. भाऊसाहेब पुन्हा आले त्या दिवशीही. मी म्हणाले, "पिवळं, दहा." ते खरोखर पिवळं होतं, हळदीच्या दुधासारखं! बाबांनी आईला हाक मारली. ती म्हणाली, "पिवळं आहे." काम मिळालं, पेढे आले, आणि मी गच्चीवर जाऊन एकटी बसले. मला वाटलं, आता जन्मभर असंच.

पुढे सुट्टीच्या दिवशी मी बाबांबरोबर वाघोलीला जाऊ लागले. बादल्या धरायला म्हणा, रंग सांगायला म्हणा. रंग सांगून झाला की बाबा तिथल्या वॉचमनला नाहीतर चहा आणणाऱ्या बाईंना नळी दाखवायचे. "ताई, हे कसं दिसते तुमाले?" मी बाजूला बघायची.

असेच सात-आठ महिने गेले. एक दिवस भाऊसाहेबांकडे मोठे पाहुणे यायचे होते. ऑफिसात झेंडूची तोरणं, माणसांची धावपळ. भाऊसाहेब जाता जाता ओरडून गेले, "टाकी झ्याक दिसली पायजे आज!" बाबांनी घाईने थेंब टाकले, नळी माझ्या हातात दिली. मी दारापाशी नेली, उजेडात धरली.

"केशरी," मी म्हणाले. "वीस. वाढलंय, बाबा."

बाबांनी मान वर केली. दारात वॉचमन उभा होता, दोन हातांच्या अंतरावर. चहावाल्या बाई कपबशा मांडत होत्या. बाबांची नजर त्यांच्याकडे गेली. मग माझ्याकडे आली आणि थांबली. त्यांनी खिशातून पेन काढलं, वहीत वीस लिहिलं आणि वही मिटली.

"मीठ काढ," ते म्हणाले. "पाहुणे यायच्या आधी पाणी बदलून टाकू."